माझ्या शेवटाला लाल दोरा

मी कादंबरी बोलतेय. जुनी, जाडजूड, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली. रूप आता यथातथाच उरलंय, पण तोंड शाबूत आहे. इतकी वर्षं माझ्या पोटातली माणसंच बोलत आली, आज जरा मी बोलते.

मला हातात घेतलंत की पहिल्यांदा एक गोष्ट तुमच्या डोळ्यांत भरेल. माझी शेवटची दोन प्रकरणं लाल लोकरीच्या दोऱ्याने आवळून बांधलेली आहेत. दोरा आमच्या शाळेतल्या भाषेच्या बाईंनी बांधलाय, आणि बाईंची गाठ सोडायची कुणाची छाती होत नाही. पण त्याआधी माझं थोडं मागचं ऐका.

छापखान्यातून मी बाहेर पडले तेव्हा माझ्या लेखकाला जाऊन एक जमाना लोटला होता, त्यामुळे मी जन्मतःच 'अभिजात' ठरले. याचा अर्थ काय ते मला शाळेत आल्यावर कळलं. मुलं मला हातात घेतात, जाडी बघतात आणि 'अरे देवा' म्हणतात. मला राग येत नाही. पहिल्या दहा पानांनंतर जे 'पुढे काय झालं गं?' म्हणून एकमेकांना विचारतात, तेही हेच.

आम्ही बऱ्याच बहिणी एका खोक्यातून या शाळेच्या ग्रंथालयात आलो. तेव्हापासून दर वर्षी नववीच्या हाती लागतो. काय काय सोसलंय म्हणून सांगू! बोटाला थुंकी लावून पानं उलटणारे, कोपरे दुमडणारे, माझ्यावर गाल टेकून झोपणारे. माझ्या पोटात कारकुनाच्या आईचं एक चित्र आहे, त्या माउलीला कुणीतरी पेनाने काढलेल्या मिशा आहेत. नवा वर्ग आला की मला गोष्टीसाठी कोण उघडतंय? आधी मिशा शोधतात!

आता माझ्या पोटातली गोष्ट थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. धान्याच्या गोदामात एक तरुण कारकून असतो. एका संध्याकाळी घाईघाईत तो जळता कंदील तिथेच विसरतो. गोदाम जळून खाक होतं. आळ येतो म्हाताऱ्या राखणदारावर, आणि त्याला शहर सोडून जायला सांगतात. ज्या दिवशी राखणदाराची गाडी निघते, त्या दिवशी कारकून रस्त्याच्या वळणावर उभा असतो. गाडी जवळ येते. आता सांगू की गप्प बसू? आणि नेमका तिथेच आडवा येतो तो लाल दोरा.

कारण बाईंचा नियम. शेवट वाचायच्या आधी वर्गाने ठरवायचं, कारकुनाने काय करावं. मग दोरा सोडायचा. मुलं हातापाया पडतात, 'बाई, एकच पान!' म्हणतात. पण बाई कसल्या ऐकताहेत.

प्रती कमी आणि मुलं जास्त, म्हणून दोघांत एक पुस्तक; घरी न्यायचं नसेल त्या दिवशी, आणि दर शनिवारी तर सगळ्याच प्रती, परत ग्रंथालयात. यंदा माझ्या वाट्याला आलेली जोडी बघून मला हसूच आलं. एक होती वकील. नाव वेगळंच, पण सगळे वकीलच म्हणायचे, कारण ती फळ्यावरच्या तारखेवरूनही वाद घालू शकायची. दुसरा घुम्या. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो दुसऱ्या दिवशी द्यायचा. पण दोघांचं मेतकूट असं, की डबा एक, बाक एक आणि आता पुस्तकही एक.

वकीलच्या घरी मी गेले त्या पहिल्याच दिवशी तिच्या धाकट्या भावाने माझ्यावर उभं राहून फळीवरचा खाऊचा डबा काढला. पुठ्ठा निखळला. वकीलने त्याला धपाटा घातला आणि शनिवारी शाळा सुटता सुटता मला ग्रंथालयात काकांकडे नेलं. सोबत घुम्या होताच.

काका म्हणजे आमच्या ग्रंथालयाचे सर्वेसर्वा. पुस्तकं देतात, घेतात, शिवतात, चिकटवतात आणि फाटलेलं पुस्तक आणणाऱ्याला 'या, कसाई आले' म्हणतात. ग्रंथालयाच्या मागच्या कोपऱ्यात त्यांचं डागडुजीचं टेबल आहे आणि त्याला लागून एक हात धुवायचं बेसिन. त्यांनी वकीलला शेजारी बसवून तिच्याकडूनच माझ्या पाठीला खळ लावून घेतली.

"दाबून धर. अगं, मान आवळतेस का तिची? हळू."

काम झालं. काकांनी मला टेबलावर ठेवून वर दोन शब्दकोश ठेवले, म्हणजे पुठ्ठा नीट बसावा. शब्दकोशांचं वजन काय असतं ते मला विचारा! वकील खळीने बरबटलेले हात धुवायला बेसिनकडे गेली. तिने नळ सोडला. नळ नुसता खर्र खर्र करून गप्प झाला. रस्त्यात खोदकाम चाललेलं, दुपारपासून पाणीच नव्हतं. 'शी!' म्हणून तिने हात रुमालाला पुसले, आणि बाहेरून मैत्रिणींची हाक आली तशी ती पळाली. नळ तसाच उघडा राहिला. काकांनी खिडक्या लावल्या, दिवा मालवला, कुलूप घातलं. कोरड्या नळाकडे कोण बघतंय?

रविवारी पाणी आलं.

बेसिनच्या भोकात कागदाच्या कातरणांचा बोळा अडकलेला. पाणी काठावरून सांडलं, माझ्या टेबलावर शिंतोडे उडाले, मग फरशीभर झालं. सगळ्यात खालच्या फळीवर नकाशांची पुस्तकं असतात. आयुष्यभर त्यांनी समुद्र दाखवले, त्या दिवशी पहिल्यांदा ते समुद्र ओले झाले. मला हसावं की रडावं कळेना. माझ्या तर पोटात आग आणि अंगावर पाणी!

सोमवारी कुलूप उघडलं आणि एकच गोंधळ उडाला. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे, आणि पोरं पुस्तकं उचलून मैदानावर उन्हात मांडताहेत. मुख्याध्यापक आले, कपाळाला हात लावून म्हणाले, "पाइप फुटला असेल. नळवाल्याला बोलवा."

आणि नळवाला कोण, तर वकीलचे बाबा. शाळेचे नळ, टाक्या, संडास, सगळं तेच बघायचे. माणूस कामाला चोख. त्यांनी वायसर पाहिला, जोड पाहिले आणि सरळ सांगितलं, "सर, नळाला काही झालेलं नाही. कुणीतरी उघडा ठेवलाय."

किल्ली एकट्या काकांकडे. शनिवारी शेवटी बाहेर पडले तेही काकाच. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. काका भिजलेलं पुस्तक पुसता पुसता थांबले. म्हणाले, "माझ्याच हातून राहिला असेल. वय झालं आता."

वकील दारात उभी होती. खोलीत जिकडेतिकडे पाणी आणि तिच्या तोंडचं मात्र पळालेलं. तिला सगळं आठवलं होतं. शेजारी घुम्या होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा निर्णय आला. महिनाअखेरपासून काकांनी ऑफिसात बसून शिक्के मारायचे. ग्रंथालयाला कुलूप, पुस्तक हवं असेल तर शिक्षकांनी येऊन न्यावं. पगार तोच, त्रास कमी. झालं, सुंठीवाचून खोकला गेला असं त्यांना वाटलं.

त्या दिवशी वकीलने मला घरी नेलं. मी वाळून कुरकुरीत झालेली, पानं लाटांसारखी. जेवायला बसल्यावर तिने हळूच विषय काढला.

"बाबा, तो वायसरच गेला असेल ना?"

"वायसर मीच बसवलाय मागच्या महिन्यात. पाणी नसताना कुणीतरी नळ सोडला आणि बंद करायला विसरलं. लोकांना अक्कल कधी येणार देव जाणे." बाबांनी पानातून मान वर केली. "आपल्या घरात असं कधी होत नाही, बघ. नळवाल्याचं घर आहे हे!"

आई म्हणाली, "पुरे तुमचं कौतुक. भात घ्या."

वकीलने ताट सारलं. चार लोकांचे गळके नळ बंद करत फिरणारा माणूस, आणि त्याच्याच मुलीने शाळा बुडवली! ती खोलीत आली, तिने मला उघडलं आणि लाल दोऱ्यापर्यंतची पानं पुन्हा वाचून काढली. मग तिचं बोट दोऱ्यावर आलं. पुढे कारकुनाने काय केलं, हे तिला कळायलाच हवं होतं. तिने गाठ ओढून पाहिली. पण ओल्याने लोकर आवळून बसलेली, नखाला दाद देईना. माझा शेवट तिने त्या वेळी वाचू नये असं मला फार वाटत होतं. का, ते पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत घुम्या म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही. तुझं तू सांग."

"काय सांगू? काकांचा पगार कमी झालाय का? बसून शिक्के मारायचेत. उलट बरंच झालं त्यांना."

 

इकडे काकांचं काय चाललं होतं, ते मी ग्रंथालयात असताना पाहत होते. कुलूप लावून जिन्यापर्यंत जायचे, परत यायचे, कुलूप ओढून बघायचे. नळ तीनतीनदा पिळायचे. पोरांना 'कसाई' म्हणणं बंद झालं. एकदा तर चष्मा डोळ्यांवर आणि हे टेबलाखाली शोधताहेत. तसा चष्मा कुणीही शोधतं हो, पण पूर्वी ते स्वतःवर हसले असते. आता घाबरले.

मग तो शुक्रवार आला. बाईंनी बाक भिंतीला लावले आणि वर्गाच्या मधोमध खडूने रेघ ओढली. हीच त्यांची रीत. खिडकीकडची बाजू 'कारकुनाने बोलावं', दाराकडची बाजू 'गप्प बसावं'. आपापल्या बाजूला उभं राहायचं आणि भांडायचं. मत बदललं तर कधीही रेघ ओलांडायची, पण ओलांडणाऱ्याने कारण मोठ्याने सांगायचं. गुपचूप पलीकडे जाता येत नाही.

सुरुवातीला जवळजवळ सगळा वर्ग खिडकीकडे. खरं बोलावं हे पहिलीपासून घोकलेलं असतं ना! दाराकडे वकील आणि झोपायला बरं पडेल म्हणून दोन आळशी.

वकील बोलायला लागली. "समजा, कारकून बोलला. गोदाम परत उभं राहणार आहे का? राखणदार तसाही थकलाय. त्याचा मुलगा आहे बाहेरगावी, तो सांभाळेल. एकाचं थोडं नुकसान झालं ते झालं. त्यासाठी दुसऱ्याचं आख्खं आयुष्य का घालवायचं? आणि त्याने मुद्दाम केलंय का? विसरला. विसरणं हा काय गुन्हा आहे?"

एकेक जण हलायला लागला. 'पटतंय बुवा' म्हणत रेघ ओलांडायला लागले. वकीलचा आवाज चढत गेला, गाल लाल झाले. मी घुम्याच्या हातात होते. शेवटी खिडकीकडे तो एकटा उरला.

"पण... राखणदाराला वाटत असेल ना," तो कसाबसा म्हणाला, "की आपल्याच हातून काहीतरी राहिलं."

"त्याला काय वाटतं ते पुस्तकात कुठे लिहिलंय? पान दाखव!"

घुम्या माझी पानं उलटायला लागला. मी काय दाखवणार, कपाळ? माझ्या लेखकाने कारकुनाच्या मनावर पानंच्या पानं खर्च केली, आणि राखणदाराला बोलायला जेमतेम चार वाक्यं दिली. तीही 'होय साहेब' छापाची. त्या म्हाताऱ्याला आतून काय होत होतं, ते माझ्यात कुठेच नाही.

"नाहीये," वकील म्हणाली. ती जिंकली होती. टाळ्या पडल्या. पण तिला काही हसू आलं नाही.

बाई म्हणाल्या, "छान मांडलंस. आता सोडू या दोरा." त्यांनी मला घेतलं, गाठ ओढली. सुटेना. बाकीच्या प्रतींचीही तीच गत. "पुरात गाठी आवळल्यात. जा रे कुणीतरी, काकांना कात्री घेऊन बोलवा."

काका आले. दारात थांबून खिसे चाचपायला लागले. शर्टाचा, पँटचा, पुन्हा शर्टाचा.

"बाई, कात्री... मी घेतली होती, नक्की घेतली होती..."

"काका, हातात आहे तुमच्या," पुढचा एक मुलगा म्हणाला. वर्गात खसखस पिकली.

काकांनी हाताकडे पाहिलं. ते हसले नाहीत. बाईंना म्हणाले, "माझं काही खरं नाही, बाई. परवा नळ, आज हे. माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. आधी लहानसहान विसरायचे, मग आम्हालाच विसरले. मला आता कुलूप लावलेलंसुद्धा खरं वाटत नाही. शिक्के मारतो तेच बरं. पुस्तकांजवळ माझ्यासारखा माणूस नको."

माझ्या राखणदाराने जे कधी सांगितलं नाही, ते हे होतं.

वकीलने रेघ ओलांडली.

ती खिडकीजवळ जाऊन घुम्याच्या शेजारी उभी राहिली. कुणीतरी कुजबुजलं, "कारण सांग. नियम आहे."

"माहितेय मला!" ती ओरडली, आणि मग तिचा आवाज एकदम बसला. "काका, नळ तुम्ही नाही उघडा ठेवला. मी ठेवला. हात धुवायला सोडला, पाणी नव्हतं, आणि बंद न करताच पळाले. मला सोमवारीच आठवलं होतं. मी मुद्दामच गप्प बसले."

काका तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे मी नाही विसरलो?"

"नाही, काका."

"नक्की ना? मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?"

"मी होतो तिथे," घुम्या म्हणाला.

काका मटकन एका बाकावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. "आमच्या हिला सांगतो आज! आठवडाभर गॅस बंद केला का म्हणून दहादा उठवतेय मला. अरे, डोकं ठिकाणावर आहे माझं!"

"काका, ओरडा ना मला," वकील रडत म्हणाली.

"ओरडणार आहे. चांगला ओरडणार आहे. आधी जरा आनंद तर होऊ दे, कसाई कुठली!"

तो शब्द ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

बाईंनी काही उपदेश केला नाही. काकांकडून कात्री घेऊन माझा दोरा कापला, मला वकीलच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "वाच." आता ती घटका आली, जिची मला नेहमी लाज वाटते.

वकील नाक पुसत वाचायला लागली. गाडी वळणावर येते. राखणदार कारकुनाला बघून टोपी उचलतो. कारकून तोंड उघडतो... आणि मिटतो. गाडी निघून जाते. पुढे तो मोठा माणूस होतो, त्याला मान मिळतो, आणि रोज संध्याकाळी फिरायला गेला की त्या वळणापाशी पाय अडखळतात. बस. संपले मी.

वर्गात नुसता कल्ला. "काय हे! बोललाच नाही?" "घाबरट!" "मग आपण बरोबर होतो की!" वकील पान उलटून बघत होती, पुढे काही आहे का. पुढे फक्त छापखान्याचा पत्ता.

"बाई," ती म्हणाली, "हे मी आधी वाचलं असतं ना, तर मी नसते बोलले. म्हटलं असतं, एवढ्या थोर पुस्तकातला माणूसही गप्प बसला."

"म्हणून तर बांधते," बाई म्हणाल्या. "त्याने काय केलं ते त्याच्या लेखकाने ठरवलं. तुमचा लेखक कुठे शोधायला जाणार?"

पुढचं फार नाही. मुख्याध्यापकांनी वकीलला पुष्कळ ऐकवलं आणि वादविवाद स्पर्धेतून यंदा तिचं नाव काढलं. तिच्या जागी पाठवलं घुम्याला! तो हरून आला, पण चार वाक्यं बोलून आला, म्हणून तिनेच त्याला उचलून धरलं. काका जागेवर राहिले, ग्रंथालय उघडं राहिलं.

तिचे बाबा दुसऱ्या शनिवारी हत्यारांची पिशवी घेऊन आले, सोबत लेक. दोघांनी मिळून जुना नळ काढला. मग बाबा पाना तिच्या हातात देऊन म्हणाले, "पाणी नसलं तरी नळ बंद करायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. आख्ख्या गावाला सांगितला, तुला सांगायचा राहिला. पिळ आता, जोर लाव." बेसिनवर नवा नळ तिने बसवला, दाबला की येणारा आणि आपोआप बंद होणारा. काकांनी तिच्यावर ओरडायचंही त्याच दिवशी उरकून घेतलं.

वर्ष संपताना नव्या वर्गासाठी मला पुन्हा बांधायचं होतं. बाईंनी दोरा वकीलच्या हातात दिला. तिने माझी शेवटची पानं जुळवली, दोनदा वेढा घेतला आणि अशी गाठ मारली की बाईसुद्धा म्हणाल्या, "अगं, जरा सैल!"

आता मी फळीवर आहे. उन्हाने पिवळी, पाण्याने लाटालाटांची, पण मजेत. मुलांनो, कधी तुमच्या हाती आले तर मिशा शोधून झाल्यावर थोडं वाचाही. आणि लाल दोऱ्यापाशी थांबा. माझा कारकून त्या वळणावर उभा आहे आणि कितीदा वाचलं तरी तो बोलणार नाही, त्याचं छापून झालंय. तुमचं अजून व्हायचंय.